बर्फाविना निसरडे : सेलूच्या हिवाळ्यातील रस्ते

दिवाळी सरते त्या सुमारास परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील रस्त्यांचे वर्ष खऱ्या अर्थाने सुरू होते, कारण पावसाळाभर चिखलाने बंद पडलेल्या गाडीवाटा याच वेळी वाळतात, वेचलेला कापूस बाजार समितीकडे आणि जिनिंगकडे निघतो, दुधना नदीच्या काठचा व पाथरी-मानवत भागातील कालव्याखालचा ऊस कारखान्यांची वाट धरतो, आणि वर्षातील सर्वांत जास्त वजन वर्षातील सर्वांत लांब रात्रींमधून वाहिले जाऊ लागते. हिवाळा आणि वाट या विषयाकडे जगातील थंड प्रदेश बर्फाच्या अंगाने पाहतात. परभणी जिल्ह्यातून पाहू लागल्यास रस्त्यावर बर्फ दिसत नाही, पण बर्फ जे करतो ते जवळपास सगळे दिसते. चाकाची पकड सुटते, रस्ता खालून उचलला जातो व फाटतो, आणि समोरचे दिसेनासे होते. फरक इतकाच की बर्फाळ प्रदेशात ही संकटे ऋतूचा भाग म्हणून मानली गेली आहेत आणि त्यांच्यासाठी माणसे, साहित्य व वेळापत्रक ठरलेले आहे, तर सेलूच्या हिवाळ्याला रस्त्याच्या दृष्टीने अजून ऋतूच मानले गेलेले नाही. खड्डे बुजवणे, पूल वाहून जाणे, वाहतूक बंद राहणे ही सारी सरकारी भाषा पावसाळ्याची आहे.

गोठण आणि पकड

महाराष्ट्रात दव गोठण्याच्या जागा मोजक्या आहेत. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाचा परिसर, सातपुड्यातील तोरणमाळ व डाब, आणि एखाद्या कडक थंडीत निफाडचे द्राक्षमळे, इतक्या ठिकाणी पहाटे गवतावर, गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो. परभणी या यादीच्या उंबरठ्याशी उभी आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत थंडीच्या लाटेत किमान तापमान पाच अंशांखाली गेल्याच्या नोंदी आहेत, आणि हे तापमान जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवरील पेटीत मोजलेले असल्याने निरभ्र, वारा नसलेल्या रात्री प्रत्यक्ष गवताच्या पात्यावरील थंडी त्याहून काही अंशांनी अधिक असते. तरीही डांबरी रस्ता गोठत नाही; दिवसभर शोषलेली उष्णता तो रात्रभर हळूहळू सोडत राहतो. थंड देशांतही पुलावरचा रस्ता आधी गोठतो तो याच कारणाने, कारण पुलाला खालून जमिनीची ऊब मिळत नाही आणि तो दोन्ही अंगांनी निवतो.

रस्त्यावर वाहन थांबते ते टायर आणि पृष्ठभाग यांच्यातील घर्षणाने. कोरड्या चांगल्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.७ च्या आसपास, ओल्या डांबरावर ०.४ च्या आसपास आणि बर्फावर अवघा ०.१ च्या घरात असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे सरकते. ब्रेक दाबल्यानंतर ते कोरड्या डांबरावर साधारण २० मीटरांत, ओल्यावर ३५ मीटरांत आणि बर्फावर १४० मीटरांहून अधिक अंतरात थांबते. म्हणूनच काश्मीरमध्ये बर्फ हटवणाऱ्या यंत्रांसाठी स्वतंत्र यांत्रिक अभियांत्रिकी विभाग राबतो, सीमा सडक संघटनेची हिमांकसारखी प्रकल्पदले लडाखच्या खिंडींवर हिवाळा काढतात, आणि रस्त्यावर मीठ व रेती पसरली जाते. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, त्यामुळे बर्फ धरत नाही. मात्र उणे नऊ-दहा अंशांखाली साधे मीठ फारसे कामाचे उरत नाही आणि तेव्हा भिस्त रेतीच्या खरखरीतपणावरच ठेवावी लागते.

हीच रेती किंवा मुरूम सेलूच्या डांबरावर सांडला तर परिणाम उलटा होतो. बर्फात रुतलेला खडा चाकाला आधार देतो; कोरड्या, कडक डांबरावर सुटा पडलेला खडा चाकाखाली गोटीसारखा फिरतो आणि वळणावरच्या दुचाकीचे पुढचे चाक निसटते. त्यात हिवाळी पहाटेचे दव मिसळते. मोठा पाऊस रस्ता धुऊन काढतो, पण दव तेवढे नसते. ते फक्त रस्त्यावरची धूळ, टायरचा काळा चुरा, सांडलेले डिझेल आणि चिरडलेल्या उसाचा चिकट रस यांचा पातळ लेप तयार करते. हा लेप गतिरोधकावरील रंगाच्या पट्ट्यांवर, सिमेंटच्या घासून गुळगुळीत झालेल्या रस्त्यावर आणि मोरीवरच्या लोखंडी जाळीवर सर्वांत निसरडा असतो. ऊन वर आले की तासाभरात तो नाहीसा होतो, म्हणून सकाळी दहानंतर पाहणीस जाणाऱ्याला त्याचा मागमूसही लागत नाही.

काळी माती आणि साईडपट्टी

थंड प्रदेशातील रस्त्याचा दुसरा शत्रू जमिनीखाली असतो. मातीतील पाणी वर ओढले जाऊन गोठते, त्याचे थर साचतात आणि रस्ता फुगून उचलला जातो. वसंतात ते वितळले की आधार गेलेला रस्ता खचतो. सेलूच्या जमिनीत बर्फाचे हे काम माती स्वतःच करते. कापसाची काळी माती ज्या सूक्ष्म खनिजांनी बनलेली आहे, त्यांतील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पत्त्यांच्या कॅटसारखे थरांचे असते. पाणी त्या थरांमध्ये शिरले की माती फुगते आणि पाणी निघून गेले की आक्रसते. पावसाळ्यात या मातीतून बैलही चालेनासा होतो, आणि हिवाळ्याच्या अखेरीस तिच्यातच हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात.

रस्त्याचा मध्यभाग डांबराच्या झाकणाखाली ओल धरून राहतो, तर दोन्ही कडांची माती ऊन-वाऱ्याला उघडी असल्याने आधी वाळते. मध्य स्थिर आणि कडा आक्रसलेल्या, अशा ओढाताणीत डांबर कडेपासून हातभर आत, रस्त्याच्या लांबीच्या दिशेने फाटते. कार्तिकात केसासारखी दिसणारी ही चीर पौषापर्यंत बोटभर रुंद होते, उसाच्या ट्रॉलीचे चाक तिच्या बाहेरच्या बाजूला पडले की कडेचा तुकडा ढासळतो, आणि पुढच्या पावसाला पाया गाठायची वाट मोकळी मिळते.

डांबराच्या कडेला लागून जी मुरमाची पट्टी असते, तिला बांधकाम खात्याच्या अंदाजपत्रकापासून चहाच्या टपरीपर्यंत सर्वत्र साईडपट्टी म्हणतात. समोरून मोठे वाहन आले की लहान वाहनाने उतरायचे ते या पट्टीवर. आणि रुंदी तीन-पावणेचार मीटरच असलेल्या ग्रामीण रस्त्यावर हे उतरणे टाळताच येत नाही. पावसाने मुरूम वाहून गेला आणि वरचेवर डांबराचे थर चढत गेले की डांबर व पट्टी यांच्यात वीतभर उंचीची पायरी तयार होते. दिवसा चालक ती पाहून उतरतो. रात्री, समोरच्या दिव्याने डोळे दिपलेले असताना, दुचाकीचे चाक पायरीवरून घसरले आणि चालकाने घाबरून लगेच वर घेण्याचा प्रयत्न केला, तर चाक पायरीच्या धारेला समांतर घासत राहते, वर चढत नाही आणि गाडी आडवी होते. या पायरीवर उपाय महाग नाही: पाऊस संपताच मुरूम टाकणे, पाणी मारणे, रोलर फिरवणे आणि पट्टीला बाहेरच्या बाजूस उतार देणे. नव्या बांधणीत पाया काळ्या मातीवर थेट न ठेवता तिच्यावर मुरमाचा जाड थर घालणे किंवा मातीत चुना मिसळून तिची फुगण्याची खोड कमी करणे हे उपाय सिद्ध आहेत. पण साईडपट्टी भरण्याच्या कामाला उद्घाटनाचा फलक लागत नाही, त्याचे छायाचित्र निघत नाही, आणि नव्या डांबरीकरणाच्या मागणीपुढे ते मागे पडते. प्रत्यक्षात हिवाळ्यात जीव वाचवण्याच्या हिशेबाने हे काम पहिले धरायला हवे.

त्याच कडेवर वेडी बाभूळ वाढते. पावसाळ्यात फोफावलेल्या फांद्या रस्त्यावर झुकतात, वळणावरचे दिसणे बंद करतात आणि पायी चालणाऱ्याला साईडपट्टीवरून डांबरावर ढकलतात. गावातून फाट्यापर्यंत बस गाठायला निघालेल्या शाळकरी मुली, कापूस वेचणीला जाणाऱ्या बायका, दुधाच्या किटल्या लावलेले सायकलवाले हे सगळे त्या काट्यांमुळे पहाटेच्या अंधुक उजेडात रस्त्याच्या मधोमध येतात.

धुई

शेतकऱ्याच्या तोंडी धुके म्हणजे धुई, आणि तिची भीती त्याला आधी तुरीच्या फुलोऱ्यासाठी वाटते. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि जमिनीत ओल अशा रात्री भूपृष्ठ झपाट्याने निवते, लगतच्या हवेतील बाष्प सूक्ष्म थेंबांत बदलते आणि खोलगट जागी साचून राहते. हवामानशास्त्रात दृश्यमानता एक किलोमीटरच्या खाली गेली की त्याला धुके म्हणतात. ब्रह्मवाकडीजवळच्या निम्न दुधना प्रकल्पाचा जलाशय, नदीचे पात्र आणि पाणी दिलेला ऊस व गहू यांमुळे तालुक्याच्या काही पट्ट्यांत ही ओल हिवाळाभर असते. त्यामुळे माळावरच्या रस्त्यावर लख्ख दिसत असताना ओढ्याच्या उतारावर वाहन अचानक पांढऱ्या भिंतीत शिरते. मोठा दिवा लावला तर प्रकाश थेंबांवरून परत फिरून चालकाच्याच डोळ्यांत येतो. खालचा दिवा आणि कमी वेग एवढेच तेव्हा हाती असते.

सेलूत याच धुईशी दोन व्यवस्था शेजारी शेजारी झुंजतात, आणि त्यांची तुलना बोलकी आहे. गावातून मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग जातो. भारतीय रेल्वेच्या नियमावलीत धुके कधी मानायचे हे स्टेशनमास्तरच्या अंदाजावर सोडलेले नाही. १८० मीटरांवरची ठरलेली खूण दिसेनाशी झाली की धुके आहे असे धरायचे. मग नेमलेल्या माणसाने सिग्नलच्या अलीकडे २७० मीटरांवर रुळावर फटाक्यासारखे दोन संकेतक दहा मीटरांच्या अंतराने लावायचे, म्हणजे चाकाखाली ते फुटले की चालकाला न दिसणाऱ्या सिग्नलची सूचना कानाने मिळते. आता इंजिनात उपग्रहाच्या साहाय्याने सिग्नलचे अंतर सांगणारी उपकरणेही आली आहेत. धुई पडली हे ठरवणारी खूण आहे, त्यानंतर काय करायचे ते ठरलेले आहे आणि ते कोणी करायचे तेही ठरलेले आहे. लोहमार्गाला समांतर जाणाऱ्या किंवा फाटकावर त्याला छेदणाऱ्या डांबरी रस्त्यावर मात्र यांतले एकही नाही. तेथे धुई ही प्रत्येक चालकाची खासगी बाब ठरते.

ट्रॉलीची मागची बाजू

सेलूच्या हिवाळ्यातील बर्फ कोणता, असे विचारल्यास उत्तर उसाच्या ट्रॉलीकडे बोट दाखवते. राज्य सरकार दर वर्षी गाळपाची तारीख ठरवते. २०२३-२४ चा हंगाम १ नोव्हेंबरला आणि २०२४-२५ चा १५ नोव्हेंबरला सुरू करण्याचे ठरले होते. त्या तारखेपासून फाल्गुनापर्यंत ट्रक, दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, ट्रॅक्टरमागची जुगाड गाडी आणि टायरच्या बैलगाड्या असा ताफा रस्त्यावर असतो. तोडलेला ऊस जितका उशिरा गाळला जाईल तितके त्याचे वजन आणि साखर घटते. ऊसतोडणीची टोळी पहाटेपासून तोडते, मोळ्या बांधते, दुपारनंतर भरते, आणि भरलेली ट्रॉली शेतातून बाहेर पडेपर्यंत दिवस मावळलेला असतो. वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात, कारखान्याच्या वजनकाट्यापुढे नंबर लावायचा असतो, आणि टोळीच्या मुकादमाने आगाऊ उचल घेतलेली असते. या साखळीत कोठेही थांबल्याने कोणाचा फायदा होत नाही, म्हणून रात्रीची वाहतूक ही एखाद्या चालकाच्या बेपर्वाईची गोष्ट नसून धंद्याच्या रचनेतूनच आलेली आहे.

ट्रॉलीच्या मागच्या फळीवर दिवा असतो, तांबडा परावर्तकही असतो. परावर्तक म्हणजे आपल्यावर पडलेला प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवणारा पत्रा किंवा पट्टी. स्वतःची वीज नसताना मागच्या वाहनाच्या दिव्यात तो उजळतो, आणि मागे तांबडा, पुढे पांढरा, बाजूला पिवळा असा त्याचा संकेत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये त्याची सक्ती आहे. परंतु ऊस भरला की शेंड्यांकडची टोके फळीच्या बाहेर हात-दीड हात येतात आणि दिवा, परावर्तक, वाहन क्रमांक हे सारे त्या झुपक्याखाली झाकले जाते. वाहनाचा खरा शेवट आता फळी नसून उसाची टोके असतात, आणि त्या टोकांवर प्रकाश परत पाठवणारे काहीही नसते. वाळलेले पाचट डांबराइतकेच निस्तेज दिसते. दुसऱ्या ट्रॉलीच्या दिव्यापर्यंत ट्रॅक्टरची तार पोचायला हवी, पण शेतात ट्रॉल्या सुट्या करून एकेक ओढाव्या लागतात, पिन काढली-घातली जाते, आणि त्या धांदलीत तार जोडायची राहते किंवा तुटते.

मोटारसायकलच्या खालच्या दिव्यात साधारण ३० ते ४० मीटरांपर्यंतचे दिसते. ताशी ६० च्या वेगात अडथळा ध्यानात येऊन ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद म्हणजे २५ मीटर जातात, आणि दवाने ओलसर झालेल्या रस्त्यावर पुढे ३५ मीटर लागतात. एकूण ६० मीटर. ट्रॉली दिसते तेव्हा ती टाळण्याचे अंतर आधीच संपलेले असते. वेग ४० वर आणला तर हेच अंतर ३२ मीटरांच्या आसपास येते, म्हणजे दिव्याच्या टप्प्यात बसते. ट्रॉली उलट २०० मीटरांवरून दिसली, तर ६० चा वेगही जीवघेणा ठरत नाही. म्हणून परावर्तक फळीवर नको, तो भाराच्या टोकावर हवा: चमकणाऱ्या पट्ट्या शिवलेला जाड कापडी पडदा, जो भरणी झाल्यावर उसाच्या टोकांवरून खाली सोडून दोरीने बांधायचा आणि रिकामे झाल्यावर गुंडाळून ट्रॅक्टरच्या बैठकीखाली ठेवायचा. असे पडदे राज्यात काही ठिकाणी वापरात आले आहेत. हंगामाच्या सुरुवातीला परिवहन खाते, पोलीस आणि कारखाने मिळून परावर्तक लावण्याची शिबिरे घेतात, ही चांगली प्रथा आहे. पण पत्र्यावर चिकटवलेली पट्टी महिनाभरात धूळ व चिकट रसाने मढते, आणि जानेवारीत ती कोणी पुसली का हे पाहण्याची जागा ठरलेली नसते. ती जागा वजनकाट्यापाशी असायला हवी, कारण प्रत्येक ट्रॉली प्रत्येक खेपेला तेथे थांबतेच. काट्यावर पावती देताना मागचा पडदा, दिवा आणि तार पाहिली गेली, तर रस्त्यावर वेगळे पथक उभे करण्याची फारशी गरज उरणार नाही.

ट्रॉलीच्या मागे आणखी एक धोका धावत असतो. गतिरोधकापाशी वेग मंदावला की गावातील मुले लोंबणारा ऊस ओढण्यासाठी धावतात. ऊस सहज सुटत नाही, मूल दोन्ही हातांनी लोंबकळते, आणि तो अचानक निसटला की ते मागच्या मागे डांबरावर किंवा दुसऱ्या ट्रॉलीच्या चाकाकडे फेकले जाते. शाळा गावरस्त्याला लागून असलेल्या गावांत हे रोजचे दृश्य आहे. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात शेतकऱ्यानेच शाळेत दोन मोळ्या पोचत्या केल्या तर त्याचे फारसे काही जाणार नाही.

रस्ता कोणाचा

मंठ्याकडून देवगाव फाटा, सेलू, पाथरी असा जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ५४८-ब चा भाग आहे आणि तो महामार्ग यंत्रणेकडे येतो. प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, शहराच्या हद्दीतील गल्ल्या नगर परिषदेकडे, आणि शेताकडच्या वाटा महसूल खात्याच्या नकाशावर. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतील रस्त्याची पहिली पाच वर्षे देखभाल ठेकेदाराकडे असते. एकच ट्रॉली शेतापासून कारखान्यापर्यंत जाताना या चार-पाच हद्दी ओलांडते, आणि प्रत्येक हद्दीत साईडपट्टी, बाभूळ, पांढरा पट्टा व फलक यांची जबाबदारी वेगळ्या कार्यालयाकडे जाते.

अपघातप्रवण ठिकाण ठरवण्याचा केंद्रीय निकषही महामार्ग डोळ्यांपुढे ठेवून केलेला आहे: सुमारे ५०० मीटरांच्या पट्ट्यात तीन वर्षांत गंभीर इजा वा मृत्यूचे पाच अपघात किंवा दहा मृत्यू. ग्रामीण रस्त्यावर अपघात विखुरलेले असतात, एक या वळणावर तर एक त्या मोरीवर, त्यामुळे कोणताही पट्टा निकषाला पोचत नाही आणि उपाययोजनेच्या यादीत येत नाही. २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसे रस्त्यावर मेली. राज्यातील आकडा १५ हजारांच्या वर होता. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या १९८-अ या कलमाने रस्त्याच्या रचनेत वा देखभालीत ठरलेली मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणा वा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे, म्हणजे कायद्याने दोष चालकावरून पुढे, रस्त्यापर्यंत नेला आहे. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीत ही सर्व खाती एकत्र बसतात. हिवाळी कामांची एक बैठक तिने दर वर्षी गाळपाच्या आधी घेतली, आणि मुरूम, काटेरी झाडे, पट्टे व ट्रॉल्या यांपुढे कार्यालयांऐवजी माणसांची नावे लिहिली, तर रेल्वेच्या धुके-नियमाजवळ जाणारे काहीतरी रस्त्यालाही मिळेल.

शेताकडच्या वाटेचे, म्हणजे पाणंदीचे, दुखणे थोडे निराळे आहे. गाव नकाशावरील पाणंद दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांनी (बांधांनी) खाल्ली की ट्रॉलीला वळायला जागा राहत नाही, भार एका अंगाला कलतो आणि ती उलटते. अडवलेली वहिवाट मोकळी करण्याचा अधिकार मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ ने तहसीलदाराला दिला आहे, नवी वाट बांधावरून मागायची तर जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेत रोजगार हमीच्या जोडीने मातीकाम व खडीकरण करण्याची सोय झाली. शेजाऱ्याशी वैर नको म्हणून अर्जच होत नाहीत, ही गाठ कायद्याने सुटणारी नाही. जेथे गावाने एकदम सगळ्या पाणंदी मोजून घेतल्या, तेथे ती सैल होते.

रस्त्यावरचे दगड

भरलेल्या ट्रॉलीचा टायर फुटला किंवा आस मोडला की ती जेथे असेल तेथेच उभी राहते, कारण साईडपट्टीवर उतरवली तर उलटण्याची भीती असते. चालक कडेचे डोक्याएवढे दगड आणून ट्रॉलीच्या मागे दहा-बारा पावलांवर ओळीने मांडतो, बाभळीची फांदी तोडून खोचतो, आणि मिस्त्री किंवा दुसरी ट्रॉली आणायला निघून जातो. त्याच्या हाताशी एवढीच साधने असतात. मोटार वाहन कायद्याचे कलम १२२ धोका होईल अशा रीतीने वाहन सोडून जाण्यास मनाई करते, पण मध्यरात्री वीस टन ऊस हलवायचे बळ ते त्याला देऊ शकत नाही. चमकणाऱ्या पट्टीचे दोन त्रिकोण आणि बॅटरीवरचा एक लुकलुकता दिवा प्रत्येक ट्रॅक्टरच्या पेटीत असला, आणि मोडलेल्या ट्रॉलीची खबर मिळताच कारखान्याच्या गट कार्यालयातून रिकामे वाहन व क्रेन निघाली, तर दगडांची गरज पडणार नाही.

तोवर दगडच मांडले जातात. पहाटे केव्हातरी ऊस दुसऱ्या ट्रॉलीत भरला जातो, आस जोडला जातो, थकलेली माणसे कारखान्याकडे निघून जातात, आणि सात-आठ काळे दगड काळ्या डांबरावर, दवाने भिजलेले, तसेच राहतात. थोड्या वेळाने पहिली बस गाठायला निघालेली मुले आणि दूधवाले त्या वाटेने येतात. त्यांच्यातला कोणीतरी सायकल स्टँडवर लावतो, दगड एकेक उचलून बाभळीच्या बुडाशी टाकतो, हात पँटला पुसतो आणि पुढे जातो.